लोणावळा नको, मग जायचं कुठे?

प्रश्न: ताई, दर सुट्टीला तेच लोणावळा-महाबळेश्वर, अर्धा दिवस ट्रॅफिकमधेच जातो. पुण्याहून एका दिवसात होईल असं काहीतरी हटके सांगा ना, सोबत सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा आहे.

उत्तर: अहो मग निघोजला जा की! शिरूरच्या पुढे, टाकळी हाजी आणि निघोजच्या मधे कुकडी नदीने काळ्या बेसाल्टमधे रांजणासारखे खोल खड्डे कोरलेत, रांजणखळगे म्हणतात त्यांना. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे हजारो वर्षं गरगरत राहिले आणि त्यांनीच खडक घासून घासून पोखरला, काही खळग्यांच्या तळाशी असे गुळगुळीत गोटे अजून पडलेले दिसतात, मुलाला ते नक्की दाखवा. काठावर मळगंगा देवीचं देऊळ आहे म्हणजे सासूबाईपण खूश. पावसाळ्यात मात्र नकोच, नदी भरून वाहते, खळगे दिसत नाहीत आणि खडक निसरडे होतात. थंडीत बेस्ट, तेही सकाळीच पोचा कारण उन्हात तो काळा दगड जाम तापतो. मुलाचा हात अजिबात सोडू नका. कडेवर उभं राहून सेल्फी काढणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही! डबा आणि पाणी घरूनच न्या.