पत्र्याच्या गॅरेजमधल्या वर्कशॉपसाठी कोणता हीटर घ्यावा?

तुमचं गॅरेज परभणीत, १२ बाय १५ फुटांचं, वर पत्रा, पुढे शटर. त्यात सुतारकाम, आणि ऑइलवाला रेडिएटर घ्यावा की ब्लोअर, असा प्रश्न. माझं जालन्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, तेही पत्र्याखालीच. मी म्हणेन, दोन्ही नको.

आधी पत्र्याचं बघा. आत-बाहेर १० अंशांचा फरक ठेवायचा म्हटलं तर तुमच्या एवढ्याशा छतातूनच साधारण एक किलोवॅट उष्णता बाहेर जाते. शटरच्या फटी आणि भिंती वेगळ्याच. ऑइलचा रेडिएटर बंद खोलीत उत्तम, पण तो तापायलाच बराच वेळ घेतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा अगदी ५-६ अंशांवर आला तरी दहा-अकराला ऊन चढतं आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. म्हणजे रेडिएटर रंगात येईपर्यंत तुमची गरजच संपलेली. ब्लोअर लगेच गरम हवा देतो, पण सुतारकामात त्याचा पंखा भुसा ओढून थेट तापलेल्या कॉइलवर नेतो. जळका वास आला की समजायचं.

म्हणून खोली तापवायच्या भानगडीत पडू नका, स्वतःला तापवा. क्वार्ट्झ किंवा हॅलोजन रॉडचा हीटर हवा तापवण्यात वेळ घालवत नाही, समोरच्या माणसाला थेट ऊब देतो. भिंतीवर डोक्याच्या वर लावून बाकड्याकडे झुकवता येईल असा मिळाला तर तोच घ्या; भुश्यापासून लांब राहतो आणि पायातही येत नाही. खाली ठेवायचा असेल तर कलंडल्यावर आपोआप बंद होणारा हवा. दुकानातच चालू करून, तिरपा करून बघा, लाजू नका. आयएसआयचा शिक्काही बघा. तुम्हाला १२०० वॅट पुरतात. रोज तीन तास चालवला तर महिन्याला शंभरावर युनिट होतात, आणि घरच्या मीटरवर असेल तर शंभरचा स्लॅब ओलांडून पुढच्या युनिटचा दर वाढतो, हे धरून चला.

खरी काळजी वायरिंगची. २००० वॅटचा हीटर पावणेनऊ अँपिअर ओढतो, त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं. आमच्या शेजारच्या गाळ्यात एकाच एक्स्टेंशन बोर्डावर ग्राइंडर आणि हीटर लावलेले होते. पिन काढायला गेले तर ती बोर्डातच चिकटलेली, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन सुरकुतलेलं. हीटरला वायरमनकडून वेगळी लाइन आणि एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकून घ्या. शिवाय व्होल्टेज १८० वर आलं की २००० वॅटचा हीटर जेमतेम सव्वाबाराशे वॅटच देतो. तेव्हा नवा हीटर मंद वाटला तर दुकानदाराशी भांडण्याआधी व्होल्टमीटर लावून बघा.

कोळशाची शेगडी शटर ओढून पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठत नाही. गॅसची शेगडीही नको. बंद जागेत धोका तोच, वर तिच्या वाफेने रंध्याची पाती गंजतात.

पॉलिश, थिनर यांचं काम हीटर बंद करून, शटर उघडून, दुपारीच करा. तसंही गारठ्यात फेव्हिकॉल आणि पॉलिश दोन्ही वाळायला रखडतात. माझ्या वाइंडिंगचं वार्निशही थंडीत घट्ट होतं, म्हणून ते काम मीही ऊन आल्यावरच काढतो. हीटरभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा, आणि रॉडमागच्या चकचकीत पत्र्यावर बसलेला भुसा हीटर पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसत जा. चार पैसे उरले तर छताला आतून बबल फॉइल मारा. एप्रिल-मे मध्ये जास्त कामाला येईल.