सतार नंतर, आधी पट्टी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली तिन्ही गाणी ऐकली. प्रवासात नाही, रात्री जेवणं झाल्यावर घरी नीट बसून, दोन-दोनदा. गिटार तू मनापासून वाजवतेस. दुसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला खालची तार सुटी वाजत राहते आणि वर धून फिरते, ती जागा ऐकताना मी डोळे मिटून घेतले. म्हणूनच पुढचं लिहितोय.

तिन्ही गाण्यांत दुसरं कडवं संपलं की सतार येते. की-बोर्डवरची. तिन्ही वेळा तेच पाच-सहा स्वर, तशीच एक मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आणि लगेच गायब. दारातून नमस्कार करून परत जाणाऱ्या पाहुण्यासारखी. ‘पूर्वेकडचं काहीतरी’ आहे एवढं सांगण्यापुरतंच तिचं काम. तुझ्यासारख्या मुलीनं एवढ्यावर थांबू नये असं मला वाटतं.

एक रेकॉर्ड ऐक. १९७२ साली लंडनमधल्या मशरूम नावाच्या छोट्या कंपनीनं काढलेली. बँडचं नाव ‘मॅजिक कार्पेट’, रेकॉर्डचं नावही तेच. अलिशा सूफिट गाते आणि गिटार वाजवते, जिम मॉयस गिटारवर, क्लेम आल्फर्ड सतारीवर, आणि तबल्यावर केशव साठे. बँड या चौघांचा. त्यात ड्रमर नाही, बेस वाजवणारा नाही. कुणी याला सायकेडेलिक फोक, म्हणजे धुंद, स्वप्नाळू आवाजाचं लोकसंगीत म्हणतं, कुणी रॉकच्या कप्प्यात टाकतं. नावापेक्षा आतला आवाज महत्त्वाचा. तेव्हा ती फारशी कुणाच्या कानावर पडली नाही, बँडही लवकरच विखुरला. पुढे बऱ्याच वर्षांनी संग्राहक तिच्या मागे लागले आणि ती पुन्हा निघाली.

तोवर सतारीची लाट ओसरत आली होती. १९६५च्या डिसेंबरात बीटल्सच्या रेकॉर्डवर जॉर्ज हॅरिसनची सतार आली. १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘लव्ह यू टू’ला तबला अनिल भागवतांचा आहे, आणि वेष्टनावर त्यांचं नाव छापलंय. मग जो तो आपल्या गाण्यात सतारीचा झणत्कार टाकायला लागला. त्यातलं बरंचसं आज ऐकवत नाही. ‘मॅजिक कार्पेट’ मात्र ऐकवते, कारण इथे सतार वरून पेरलेली नाही. आवाजाच्या शेजारी बसून ती पहिल्यापासून बोलत असते. सूफिट ओळ संपवते तिथे सतार उत्तर देते, कधी तिच्याच बरोबर चालते, आणि गिटार दोघींच्या पायाखाली जमीन धरून ठेवते. शब्द मात्र त्या काळाचे आहेत, स्वप्नं, शांती, फिनिक्स पक्षी. ते तू उचलू नकोस. तुझे शब्द तुझ्या गल्लीतले असू देत.

आता साठ्यांबद्दल, कारण माझ्या मते या रेकॉर्डचा कणा तेच आहेत. मुंबईचा हा माणूस १९५०च्या दशकात लंडनला गेला. १९६०च्या दशकाच्या मध्यात जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर यांनी पाच जॅझवाले आणि पाच भारतीय साजवाले एकत्र बसवले, त्यात तबला साठ्यांचा. १९६७ साली सतारवादक दिवाण मोतीहार यांच्यासोबत ते इरेन श्वाइत्सर या स्विस पियानोवादिकेच्या त्रिकुटाबरोबर वाजले. १९७२ला ही रेकॉर्ड. १९७७ला जॉन रेनबर्न या इंग्लिश गिटारवादकाच्या बँडमध्ये जुन्या इंग्रजी लोकगीतांना पुन्हा त्यांचाच तबला. जॅझ, फोक, सतारीसह, सतारीशिवाय. आपल्याकडे तबलावादकांची नावं घेताना हे नाव कुणी घेत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

त्यांचं काय ऐकायचं? ते काय वाजवत नाहीत, ते. इंग्रजी गाणं साध्या चालीचं असतं, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येऊन टाळी घेण्याची तिथे सोय नसते. साठे तिहाया (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) फेकत नाहीत, गाण्यावर कुरघोडी करत नाहीत. ठेका धरतात, डाव्या हाताच्या बायाची घुमक ओळीच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करतात, गायिका श्वास घेते तिथे एखादा बोल भरतात. हेच काम आपल्याकडे ठुमरीला, भजनाला साथ करणारे करतात. साथ म्हणजे काय हे या माणसाला पुरतं कळलेलं होतं, म्हणून तो कुणाबरोबरही बसू शकला. एका तुकड्याचं नाव ‘टेक अवे केश’ असं आहे. त्यातला केश म्हणजे केशवच, असं मी धरून चालतो.

माझी एक गोष्ट सांगतो. कॉलेजात असताना आम्हीही असाच बँड केला होता. तबल्याला वर्गातलाच एक मित्र होता, चांगल्या गुरूकडे शिकणारा. तो काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा तबला घेऊन आला. आमची गाणी मात्र एक जी मेजरमध्ये, दुसरं ई मायनरमध्ये, आणि मध्येच पट्टी बदलणारी. तबला सुरात लावलेला असतो, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आम्ही त्याला माइकसमोर बसवलं आणि वाजव म्हणालो. दोन गाणी त्यानं वाजवली. मग हातोडी पिशवीत ठेवली, तबल्यावर गवसणी घातली आणि काही न बोलता बाजूला बसून राहिला. पुन्हा आला नाही. चूक पूर्ण माझी होती, गाणी मी बसवली होती.

म्हणून तुला सांगतो, आधी सा ठरव. सगळ्यांचा एकच. तुझ्या आवाजाला पांढरी दोन, म्हणजे डी, बरी पडेल, आणि सतारीलाही ती चालते. मग गिटारच्या तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लाव. हे ट्यूनिंग डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश गिटारवादकानं १९६०च्या दशकात रूढ केलं. मोरोक्कोत ऐकलेल्या ऊद या अरबी तंतुवाद्याच्या सुरांशी गिटार जुळावी म्हणून, असं सांगतात. आपल्या भाषेत म्हण: सा प सा म प सा. गंधार, म्हणजे ग, कुठेच नाही, आणि मेजर की मायनर ते गंधारावरच ठरतं! त्यामुळे सगळ्या तारा मोकळ्या छेडल्यास तरी मेजर-मायनरचा प्रश्नच उभा राहत नाही. कोमल गंधार लावायचा की शुद्ध, ते सतार ठरवेल.

यामागे कारण आहे. गिटारचे पडदे ठोकलेले, सतारीचे सरकवता येतात. गिटारचा शुद्ध गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट) चढा असतो. एकटी गिटार ऐकताना हे खटकत नाही. पण दोन्ही गंधार एकदम वाजले की कानाला किरकिर जाणवते, आणि आपण उगाच मिक्सिंगला दोष देत बसतो. खरी सतार आणलीस तर तुझ्या तिसऱ्या गाण्यात ती किरकिर येईल. तिथे डी मेजरचा कॉर्ड भरगच्च वाजतोय. त्यातला एफ शार्प काढून टाक, फक्त सा आणि प ठेव, आणि पुन्हा ऐक.

दुसरं, कॉर्ड कमी कर. तुझ्या गाण्यात दर दोन मात्रांना कॉर्ड बदलतो. सतारीवर एका पडद्यावरून तार ओढून चार-पाच स्वर निघतात, पण त्याला वेळ लागतो. मींड अर्ध्यावर असतानाच खालची जमीन सरकली तर ती बिचारी कुठे जाईल? एक महिना एकाच सा-पवर वाजव. कंटाळा येईल. मला आला होता, आठव्या-नवव्या दिवशी. त्याच्या पुढे कान उघडतो.

आणि की-बोर्डवरची सतार काढून टाक. खरी सतार मिळत नसेल तर सतार नकोच, गिटारनंच गा. कुणी सतार शिकणारं भेटलं तर त्याला गाणं संपल्यावर बोलावू नकोस. चाल सुचत असताना बोलव, आणि पहिले दोन दिवस रेकॉर्डिंग करूच नका. तो काय वाजवतो ते ऐक, मग तुझं तू बदल.

पुढच्या रविवारी मी घरी आहे. दुपारी चारनंतर ये. गिटार आण, तारा येतानाच खाली उतरवून ये म्हणजे इथे येईपर्यंत त्या बसतील. तानपुरा माझ्याकडे आहे. काकू विचारत होती, पोहे चालतील का.

तुझा,
काका