फोटो माझा, पण सही कोणाची?

मागच्या अंकात स्टॉक एजन्सींना, म्हणजे आपले फोटो ग्राहकांना वापराच्या परवान्यावर विकणाऱ्या साइटना, फोटो कसे विकतात याबद्दल मी थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला उत्तर लांबलचक झालंय, त्याला माझा इलाज नाही. तो प्रश्न मला फार जवळचा आहे.

प्रश्न : माझी आजी 82 वर्षांची आहे. तिचे मी काढलेले काही फोटो मित्रांना फार आवडतात. ते स्टॉक साइटवर टाकले तर चालतील का? आजी काही हरकत घेणार नाही. ती घरचीच आहे, मग कागदपत्रं लागतात का?

लागतात. घरचं माणूस असो वा परकं, ओळखू येत असेल तर जाहिरातीसाठी विकल्या जाणाऱ्या फोटोला मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाची सही असलेली लेखी परवानगी, हवंच. स्वतःचा फोटो स्वतः काढला तरी हवं. लहान मूल असेल तर आई, वडील किंवा पालक सही करतात. सही, तारीख, साक्षीदार हे सगळं नीट भरा. साक्षीदार तिसरीच व्यक्ती असावी. फोटो काढणारा किंवा फोटोतला माणूस चालत नाही. सही शक्यतो फोटो काढला त्याच दिवशी घ्या. महिन्याभराने कागद शोधत बसण्याचा त्रास वाचतो.

पण तुमच्या पत्रातलं 'आजी काही हरकत घेणार नाही' हे वाक्य वाचून मी थांबले, कारण नेमकं हेच वाक्य मी माझ्या आईबद्दल म्हटलं होतं.

2014 ची गोष्ट. दुपारी आई खिडकीशी बसून शर्टाचं बटण लावत होती. दोऱ्याचं टोक तिने ओठांनी ओलं केलं, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबून चपटं केलं आणि सुईच्या नेढ्याशी नेलं. डावीकडून उजेड येत होता. तर्जनीच्या मुळाशी तिला विळीचा जुना व्रण आहे, तो त्या उजेडात पांढऱ्या रेघेसारखा दिसत होता. मी फक्त हात घेतले, चेहरा घेतलाच नाही. नुसत्या हातांना बहुतेक वेळा रिलीज मागत नाहीत, पण व्रण किंवा गोंदण असलं की ओळख पटू शकते, म्हणून मी सही घेतली. सही घेताना तिला एवढंच म्हणाले, 'आई, हा फोटो साइटवर ठेवतेय, इथे सही कर.' तिने चष्मासुद्धा लावला नाही. केली सही.

फोटो विकला जाऊ लागला. दोनेक वर्षांनी, आपले फोटो कुठे कुठे वापरलेत ते बघावं म्हणून मी इमेज सर्चमध्ये तो टाकला. एका आरोग्यविषयक लेखावर तो ठळक छापलेला होता. लेख म्हातारपणी हात थरथरण्याच्या आजाराबद्दलचा होता. मी तो कौतुकाने आईला दाखवला. वर्तमानपत्र वाचावं तसं तिने मथळ्यापासून खालपर्यंत सगळं वाचलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, 'माझे हात कुठे थरथरतात गं?'

मला उत्तर सुचलं नाही. तिचा हात थरथरत असता तर दोरा नेढ्यातून गेलाच नसता. ज्या कसबाचा मी फोटो काढला होता, तेच त्या लेखात दुखणं होऊन बसलं होतं.

मी एजन्सीला लिहिलं. बऱ्याच एजन्सींच्या परवान्यात आजार, व्यसन, गुन्हा अशा नाजूक विषयांसाठी अटी असतात. काही ठिकाणी अशा वापराला मनाईच असते, तर काही ठिकाणी 'फोटोतली व्यक्ती मॉडेल आहे' अशी ओळ छापावी लागते. इथे ती ओळ नव्हती. एजन्सीकडून दोन ओळींचं छापील उत्तर आलं आणि पुढे काहीच झालं नाही. मी फोटो साइटवरून काढून टाकला. पण फोटो काढून टाकला तरी आधी विकले गेलेले परवाने रद्द होत नाहीत. ज्यांनी तो घेतला, ते आजही वापरू शकतात.

म्हणून आजीपुढे सहीचा कागद ठेवण्याआधी तिच्याजवळ बसा. सांगा की, हा फोटो कोण घेईल ते मला कळणार नाही, मी नंतर थांबवूही शकणार नाही. तो विम्याच्या जाहिरातीत दिसेल, श्रवणयंत्राच्या जाहिरातीत दिसेल, एकटेपणावरच्या लेखातही दिसेल. एकदोन साइट उघडून 'वृद्ध स्त्री' असा शोध घ्या आणि काय काय येतं ते तिला दाखवा. मग विचारा. तिला शब्द समजत नसतील तर चित्रं नक्की समजतात. आजीला विसर पडू लागला असेल, समजावून सांगितलेलं संध्याकाळपर्यंत टिकत नसेल, तर ते फोटो विकू नका. घरात लावा. कायद्याने कोणी पालक म्हणून सही करू शकेल, पण या कामासाठी ती घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे. दहा फोटो पाठवले, त्यातले नऊ परत आले. कारणं दिली होती फोकस, नॉइज (फोटोतले दाणे) आणि 'सारखेच फोटो'. मोबाइलवर तर एकदम झकास दिसतात!

मोबाइलवर सगळेच फोटो झकास दिसतात. तपासणारा माणूस असो वा यंत्र, फोटो 100 टक्के झूमवर, म्हणजे पूर्ण आकारात, बघतात. तुम्हीही संगणकावर तसाच बघा. आधी डोळे किंवा जी मुख्य वस्तू असेल ती, मग चारही कोपरे आणि शेवटी आकाश.

आकाश मी मुद्दाम सांगतेय. सुरुवातीला एका सकाळचे माझे सगळे फोटो परत आले, तेही तीनदा. तिसऱ्यांदा मी एकेक फोटो मोठा करून बघत गेले, तर प्रत्येकात डावीकडे वर त्याच जागी करड्या रंगाचा एक गोल डाग होता. कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर धुळीचा एक कण बसला होता. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) लहान ठेवलं, म्हणजे एफ 11, एफ 16 वगैरे, की असे डाग उठून दिसतात. त्यानंतर बाहेर पडण्याआधी मोकळ्या आकाशाचा किंवा कोऱ्या भिंतीचा एक फोटो काढून बघायची सवय मी लावून घेतली.

नॉइज बहुतेकदा कॅमेऱ्यामुळे येत नाही, आपल्यामुळे येतो. अंधारा भाग एडिटिंगमध्ये ओढून उजळला की दाणे वर येतात. तिथे सावली सावलीच राहू द्या. शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, जवळजवळ करूच नका, ते घेणारा त्याच्या गरजेप्रमाणे करतो. फोटो किंचित दाणेदार असेल तर आकार कमी करून पाठवा. शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या मोठ्या एजन्सी, दोघांचीही किमान अट 4 मेगापिक्सेलची आहे. 24 मेगापिक्सेलचा फोटो 8 वर आणला तरी तो बसतो आणि बराच स्वच्छ दिसतो. फाइल जेपीईजी आणि एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतच द्या.

'सारखेच फोटो' म्हणजे एकाच कपाचे वीस कोन. दोन पाठवा, एक आडवा आणि एक उभा. एका बाजूला मजकुरासाठी मोकळी जागा सोडलीत तर जास्त चांगलं, कारण घेणाऱ्याला तिथे मथळा टाकायचा असतो. फोटो म्हणून जी चौकट रिकामी वाटते, ती पुष्कळदा याच कारणाने विकली जाते.

प्रश्न : महिन्याला नेमके किती मिळतात? नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं असं मनात आहे.

नोकरी सोडू नका. हे मी तुमचं मन मोडायला लिहीत नाहीये. हा धंदा कसा बदलत गेला ते बघा.

पूर्वी एजन्सीमार्फत फोटो वापरायला द्यायचा तर एकेका वापराचे पैसे ठरत. 2000 मध्ये आयस्टॉकफोटो ही साइट सुरू झाली आणि स्वस्तात फोटो विकण्याची पद्धत रुळली. 2003 मध्ये जॉन ओरिंजर यांनी स्वतः काढलेले हजारो फोटो घेऊन शटरस्टॉक सुरू केलं, तेही वर्गणीवर. ग्राहकाने महिन्याचे पैसे भरायचे आणि हवे तेवढे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, फोटो उतरवून घ्यायचे. त्यामुळे एका डाउनलोडमागे फोटोग्राफरच्या वाट्याला सेंटच येतात. मी सुरुवात केली तेव्हा मला वर्गणीच्या एका डाउनलोडला 25 सेंट मिळत. जून 2020 मध्ये शटरस्टॉकने टक्केवारीची पद्धत आणली. वर्षभरातल्या डाउनलोडच्या संख्येवर ठरणाऱ्या पायरीनुसार 15 ते 40 टक्के, कमीत कमी 10 सेंट, आणि दर 1 जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर. वर्षभर चढलेला जिना जानेवारीत पुन्हा चढायचा, हे मला आजही अन्यायाचं वाटतं. अडोबी स्टॉक फोटोला 33 आणि व्हिडिओला 35 टक्के देतं. व्हिडिओचा दर चांगला असतो, हात बसत असेल तर तिकडे वळा.

म्हणजे कमाई संख्येवर आहे. शंभर फोटोंतले दोनतीनच सतत चालतात आणि ते कुठले, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. माझा सर्वात जास्त चाललेला फोटो एका साध्या किल्लीचा आहे. कुलपात अर्धवट घातलेली, पांढऱ्या दाराची. तो मी कंटाळून काढला होता. ज्या धुक्यासाठी पहाटे चारला उठले, ते धुकं आजवर सात वेळाच विकलं गेलंय.

दोन गोष्टी राहिल्या. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. घेणाऱ्याने एकदा पैसे भरले की परवान्याच्या मर्यादेत तो पुन्हा पुन्हा वापरू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि अमेरिकी एजन्सीकडे खातं उघडलं की डब्ल्यू-8 बेन हा कराचा फॉर्म भरा. तो नसेल किंवा तुमच्या देशाचा अमेरिकेशी कराबाबतचा करार नसेल, तर अमेरिकेतल्या विक्रीवर 30 टक्के कर कापला जातो. पाच मिनिटांचं काम आहे आणि बरेच जण वर्षानुवर्षं टाळतात.

प्रश्न : इमारतींचे, दुकानांच्या पाट्यांचे फोटो विकता येतात का?

कमर्शियल म्हणून, म्हणजे जाहिरातीसाठी, विकायचे असतील तर कंपनीचं चिन्ह, नाव, ओळखू येणारी रचना काढून टाकावी लागते, नाहीतर मालकाची परवानगी लागते. तसंच्या तसं ठेवायचं असेल तर एडिटोरियल म्हणून द्या. मग तो बातमीला, लेखाला चालतो, जाहिरातीला नाही. एडिटोरियल फोटोत काही पुसायचं, जोडायचं नाही आणि मथळ्यात ठिकाण आणि तारीख खरीच लिहायची.

नेहमीचं उदाहरण आयफेल टॉवरचं. 1889 चा मनोरा, गुस्ताव्ह आयफेल 1923 मध्ये वारले, त्यामुळे मनोऱ्याच्या रचनेवरचा कॉपीराइट संपलाय आणि दिवसाचा फोटो बिनधास्त. पण रात्रीची रोषणाई नंतरची, 1985 पासूनची, आणि तिच्यावर हक्क सांगितला जातो. म्हणून रात्रीचा फोटो एजन्सी जाहिरातीसाठी घेत नाहीत. बाहेरगावी निघण्यापूर्वी प्रत्येक एजन्सीची 'चालणार नाही' अशा जागांची यादी बघून ठेवा.

प्रश्न : आता एआय हवी ती चित्रं काढून देतं. मग आपण फोटो काढून पाठवण्यात अर्थ उरलाय का? आणि आपले फोटो त्याला शिकवायला वापरतात हे खरं का?

दुसऱ्याचं आधी. हो, खरं आहे. अडोबीने मार्च 2023 मध्ये आणलेलं फायरफ्लाय हे चित्रं काढणारं एआय अडोबी स्टॉकमधल्या चित्रांवरही शिकवलेलं आहे. शटरस्टॉकही फोटोंचा साठा अशा कामासाठी परवान्याने देतं आणि फोटोग्राफरना त्यातला वाटा देतं. तिथे आपले फोटो यातून वगळण्याची सोय खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. ती आजच उघडून बघा आणि काय हवं ते स्वतः ठरवा.

एआयची चित्रं पाठवायची की नाही, याचं एकच एक उत्तर नाही. गेटी इमेजेस या एजन्सीने सप्टेंबर 2022 मध्ये त्यांना बंदी घातली, अडोबीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तशी खूण करण्याच्या अटीवर दारं उघडली. खूण न करता फोटो म्हणून खपवू नका, एवढं मात्र मी हात जोडून सांगते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं सफरचंद, हस्तांदोलन, हसणारी ऑफिसातली मंडळी, ही मागणी यंत्र भागवेल. मी तसले फोटो काढणं थांबवलंय. अमुक जागा, अमुक तारीख, खरंच घडलेली गोष्ट यांचे फोटो काढते, आणि माणसं काम करत असतानाचे हात.

आईने नंतर पुन्हा फोटो काढू दिले, सुईदोऱ्याचेही, या वेळी सगळं विचारून झाल्यावर. यंत्राला शिकवण्याची गोष्ट कळली तेव्हा त्या फोटोंबद्दल मी तिला पुन्हा जाऊन विचारलं, कारण तिच्या सहीच्या वेळी हा विषयच नव्हता. तिने बराच वेळ प्रश्न विचारले. यंत्र माझे हात दुसऱ्या बाईला लावेल का? व्रणासकट? मी म्हटलं, असं नेमकं सांगता येणार नाही. 'मग सुईचे राहू देत,' ती म्हणाली, 'पण ज्यात माझा चेहरा आहे तो साइटवरून काढून टाक.' त्याच संध्याकाळी काढून टाकला.