टीव्हीवरच्या जुन्या क्लिपमध्ये ब्रॉडवेची विनोदी गाणी तोकडी का वाटतात?

कास्ट अल्बमवर, म्हणजे नाटकातल्याच कलाकारांनी गायलेल्या ध्वनिमुद्रिकेवर, ज्या गाण्याला खळखळून हसू येतं, तेच एड सलिव्हन शो या जुन्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाच्या क्लिपमध्ये उरकल्यासारखं का वाटतं आणि नीट बघायचं तर काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. गाणाऱ्यांचा यात दोष नाही. या गाण्यांची बांधणीच टीव्हीच्या घड्याळात बसत नाही.

ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या संगीत नाटकांतल्या, विनोदी गाण्यात चाल साधारण 32 मात्राखंडांची (बार) असते. तीच चाल पुन्हा पुन्हा येते आणि दर फेरीत नवे शब्द, नवे यमक. जादा कडवी वन्समोरसाठी राखलेली असतात. आपल्याकडे वन्समोरला तेच पद पुन्हा गायचे, इथे नवा विनोद येतो. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर कडी करते. सलिव्हनच्या तासाभरात कसरतवाले, जादूगार सगळेच असायचे, त्यामुळे गाण्याच्या वाट्याला तीन-चार मिनिटं. मग मधली कडवी जायची आणि शेवटच्या विनोदाची चढणच नाहीशी व्हायची.

दुसरं कारण हशाचं. नाट्यगृहात हशा ओसरेपर्यंत वादक दोन-चार मात्राखंड घोळवत राहतात, त्याला व्हॅम्प म्हणतात. थेट प्रक्षेपणात तेवढी उसंत नसते. पुढची ओळ हशावरच पडते आणि यमक ऐकूच येत नाही.

चित्राचंही आहे. जुन्या क्लिप बऱ्याचदा किनेस्कोप असतात, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून केलेली नोंद. चेहरे धुरकट दिसतात आणि डोळ्यांतला मिश्कीलपणा हरवतो. व्हिडिओटेप 1956 मध्ये आली, त्यामुळे त्यानंतरच्या टेप मिळाल्या तर त्या आधी बघा.

माझी पहिली शिफारस: 1971 च्या टोनी या ब्रॉडवेच्या पुरस्कारांच्या सोहळ्यातलं व्हिव्हियन ब्लेनचं 'अ‍ॅडलेड्स लॅमेंट'. 1950 च्या 'गाईज अँड डॉल्स' या संगीत नाटकात अ‍ॅडलेडची भूमिका तिनेच केली होती. लग्न 14 वर्षं लांबल्याने सर्दी जडलेली ही नर्तकी वैद्यकशास्त्राचं पुस्तक वाचतेय. पुस्तकातली वाक्यं अडखळत, जड आवाजात. मग नजर पुस्तकावरून उठते आणि तोच मजकूर ती चोंदलेल्या नाकाने, आपल्या भाषेत स्वतःला लावते. नजर उचलण्याचा तो क्षण म्हणजेच विनोद. मागच्या रांगेतून तो निसटतो, कॅमेऱ्यात मात्र स्वच्छ दिसतो. एकट्याच्या अशा गाण्यांना टीव्ही मानवतो. वीस जणांचं नाचगाणं त्या चौकटीत गुदमरतं.

मग 'पीटर पॅन' या संगीत नाटकाची 1960 ची रंगीत टेप. तीत सिरिल रिचर्डचा कॅप्टन हुक दुष्ट बेत आखतो, पण बेत सांगायला आधी त्याला संगीत हवं असतं! कोणत्या तालात, असं चाचे अदबीने विचारतात, तो टँगो मागतो आणि चाचेच वाद्यवृंद होतात. इथे गाणं कथानकात असल्याने त्याची जागा शाबूत आहे.

सलिव्हननेही एकदा घड्याळ बाजूला ठेवलं होतं. मार्च 1961 मध्ये 'कॅमेलॉट' या संगीत नाटकाला सुमारे 20 मिनिटं मिळाली. रिचर्ड बर्टन आणि ज्युली अँड्र्यूज यांचं 'व्हॉट डू द सिंपल फोक डू' त्यातच आहे. दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवर रांग लागली.

बघण्याआधी अल्बमवर पूर्ण गाणं शब्द समोर ठेवून एकदा ऐका. क्लिपमध्ये कोणतं कडवं गाळलंय ते लगेच कळेल.