विमानात जीपीएस आहे, मग फ्लाइट प्लॅनमध्ये आरनॅव्ह १ लिहायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि मोठी आहे. आरनॅव्ह १ म्हणजे ठरल्या मार्गावर नेमकं उडण्याची विमानाची क्षमता, ती फ्लाइट प्लॅनमध्ये ठरावीक अक्षरांनी कळवतात. वरचाच प्रश्न मी उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, आमच्या सीनिअरच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी तेव्हा एका चार्टर कंपनीत डिस्पॅचर होतो, म्हणजे उड्डाणाचे प्लॅन तयार करणारा. जुलै महिना, सकाळपासून धार लागलेली, विमान कोल्हापूरहून मुंबईला जायचं. सीनिअरनं कालचा प्लॅन पाठवला, "तारीख बदल आणि टाक." मी आधी टेक लॉग, म्हणजे विमानातल्या बिघाडांची नोंदवही, मागवला. आदल्या रात्रीच इंजिनिअरनं निळ्या शाईत जीपीएस रिसीव्हर बंद असल्याची नोंद केली होती. प्लॅनमध्ये मात्र आयटम १० ला (उपकरणांचा रकाना) जी म्हणजे जीपीएस आणि आर म्हणजे आरनॅव्हसारख्या क्षमतांची मंजुरी, आयटम १८ ला (इतर माहितीचा रकाना) त्या क्षमतांचा तपशील, पीबीएन बी२डी२. बी२ म्हणजे जीपीएसवर आरनॅव्ह ५ (अचूकता पाच सागरी मैलांची), डी२ म्हणजे जीपीएसवर आरनॅव्ह १. जीपीएसच बंद, तर ही अक्षरं कशाच्या जोरावर लिहायची? आमच्या त्या विमानात आरनॅव्हला दुसरा आधारच नव्हता. मी सगळं खोडलं, नेहमीच्या साध्या उपकरणांचा एस ठेवला, मार्ग व्हीओआरवरून (जमिनीवरची दिशा दाखवणारी रेडिओ केंद्रं) बांधला.

फोनवर अर्धा तास सीनिअरच्या शिव्या खाल्ल्या. "विमान तेच, पायलट तेच, तू कोण ठरवणार?" कॅप्टनसाहेबांनी लॉगचं पान उघडलं, नोंदीवर बोट ठेवलं आणि माझ्याच प्लॅनवर सही केली. विमान उशिरा सुटलं, ठपका माझ्यावर आला. आजही माझंच बरोबर होतं असं मी म्हणतो. आरनॅव्ह १ म्हणजे उड्डाणाच्या ९५ टक्के वेळ ठरल्या मार्गाच्या एका सागरी मैलाच्या आत राहण्याची हमी. कंट्रोलर ती अक्षरं खरी धरूनच तुम्हाला मार्ग देतो. खाली ढगात सह्याद्री असताना खोटं लिहिणं हा गुन्हाच आहे.

तुमच्यापुरतं सांगायचं तर यंत्र, वैमानिकाचं प्रशिक्षण आणि ऑपरेटरची मंजुरी ही तिन्ही त्या दिवशी जाग्यावर असतील तरच लिहा. कालचा प्लॅन कॉपी करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका, तो कितीही सीनिअर असो.

एक मात्र आहे. मोठ्या विमानांत डीएमई-डीएमईवरही (जमिनीवरच्या दोन रेडिओ केंद्रांपासूनचं अंतर मोजून) आरनॅव्ह १ चालतो, त्याला डी३ लिहितात. तिथं जीपीएस गेला म्हणून सगळंच खोडू नका. आणि नुसत्या जीपीएसवर असाल तर डी१ लिहू नका, ते सगळे सेन्सर असणाऱ्यांसाठी आहे.