तुमचे प्रश्न : बॉबिन लेसची पट्टी वळवताना

(बॉबिन लेस म्हणजे उशीवर टाचण्या खोचून, बॉबिन नावाच्या छोट्या काड्यांवर गुंडाळलेले दोरे एकमेकांत गुंफून केलेली लेस. उत्तरांत 'फिरती जोडी' म्हणजे आडवी ये-जा करणारी बॉबिनची जोडी, 'उभ्या जोड्या' म्हणजे पट्टीच्या लांबीत धावणाऱ्या. शेजारच्या दोन जोड्यांच्या चार बॉबिनपैकी मधल्या दोघांत डावं उजव्यावरून नेलं की 'क्रॉस'. प्रत्येक जोडीत उजवं डाव्यावरून नेलं की 'पीळ'. क्रॉस-पीळ-क्रॉस म्हणजे साधा कापडी टाका.)

प्रश्न : आठ उभ्या जोड्यांची पट्टी सरळ भागात छान बसते. वळणावर मात्र आतली कड गच्च होते, टाचण्या एकमेकींना खेटतात. दोरा जाड पडतोय का?

उत्तर : दोरा बदलून काही होणार नाही. पट्टी 10 मिमी रुंद आणि वळणाची आतली त्रिज्या 10 मिमी धरा. अर्धवर्तुळात बाहेरची कड साधारण 63 मिमी भरते, आतली 31. बाहेर दर 3 मिमीला टाचणी लावली तर 21 लागतात. तेवढ्याच आत लावल्या तर त्या दीड-दीड मिमीवर येतात. म्हणून आतलं प्रत्येक भोक दोनदा वापरायचं आणि नक्षीचा कागद टोचतानाच आत 10-11 भोकं ठेवायची.

रीत अशी : फिरती जोडी आत आणा, टाचणी लावा, बाहेर जा, बाहेरची नवी टाचणी लावून परत आत या. आता आतली टाचणी उपसा, फिरती जोडी अलगद ओढून आधीचा सैल फास आवळा आणि टाचणी त्याच भोकात नव्या फेरीच्या आधाराला पुन्हा खोचा. टाचणी न उपसता नुसता वळसा घातला तरी काम चालतं, पण पहिला फास सैल राहतो आणि लेस उशीवरून उतरल्यावर कडेला लोंबतो.

त्रिज्या आणखी लहान असेल, समजा आत 5 आणि बाहेर 15 मिमी, तर प्रमाण एकास तीन होतं. एकाच भोकात तीन फेऱ्या कोंबल्या की गाठ दिसते. तिथे दोन फेऱ्या भोकातून घ्या आणि तिसरी टाचणीविना वळवा : सर्वांत आतल्या उभ्या जोडीशी क्रॉस-पीळ-क्रॉस-पीळ-क्रॉस करा आणि बाहेरच्या बाजूला आलेली जोडी फिरती समजून परत निघा.

प्रश्न : हा टाचणीविना वळवण्याचा टाका करून पाहिला. फिरती जोडी लाल होती, आता पट्टीत एक लाल आणि एक पांढरा दोरा फिरतोय!

उत्तर : तसंच होणार. त्या टाक्यात दोन्ही जोड्या एकेक दोरा अदलाबदल करतात. एकरंगी कामात ते कळत नाही. रंगीत फिरत्या जोडीला दोन पूर्ण कापडी टाके आणि मध्ये एक पीळ द्या, म्हणजे क्रॉस-पीळ-क्रॉस, पीळ, क्रॉस-पीळ-क्रॉस. दोन्ही जोड्या आपापल्या जागी परततात. कड थोडी जाड होते, तेवढं सोसावं लागतं.

प्रश्न : वळणावर बाहेरच्या उभ्या जोड्या आत सरकतात आणि कडेला फट पडते.

उत्तर : ताणलेला दोरा सरळ रेषा शोधतो, त्यामुळे तो वळणाच्या आतल्या बाजूला कापत जातो. वळणावर उभ्या जोड्या सरळ भागासारख्या खेचू नका. ताण द्यायचाच तर फिरती जोडी आतल्या टाचणीशी असताना, तोही हलका. बाहेरच्या टाचण्या बाहेर कलत्या खोचा आणि वळण संपून पुढचा सरळ भाग सुरू होईपर्यंत उपसू नका. टाचण्या कमी पडल्या तर मागच्या सरळ भागातल्या काढा, वळणाच्या कधीच नाहीत. उशीही सतत फिरवत राहा, फिरत्या जोडीची वाट आपल्यासमोर आडवी हवी. उशी न फिरवता हात तिरका केला की ताण एकीकडे कलतो.

प्रश्न : काटकोन कसा वळवावा?

उत्तर : आखूड फेऱ्यांनी, म्हणजे फिरती जोडी आतल्या कडेपर्यंत न नेता मधूनच मागे वळवून. वरच्याच मापाची पट्टी घ्या. कोपऱ्यात बाहेरची कड आतल्यापेक्षा 20 मिमी जास्त, म्हणजे 3 मिमीच्या अंतराने सहा-सात टाचण्या. दर फेरीला एकच जोडी सोडली तर बारा फेऱ्या भरतात आणि कोपरा फुगतो. दोन-दोन सोडा : बाहेरून आत सहा जोड्यांपर्यंत, मग चार, मग दोन. कोपऱ्याच्या टाचणीवर वळून उशी फिरवा, मग चार, सहा, आठ. जिथे मधूनच मागे वळता तिथे कर्णरेषेवर आधाराची टाचणी लावा. उभ्या जोड्या तिच्याभोवतीच दुमडतात. परतताना तिथे सोडलेली जोडी पुन्हा सामील झाली आणि तीन-चार फेऱ्या झाल्या की टाचणी काढा. वळताना पीळ दिला तर कर्णावर भोकांची ओळ उमटते. ती नको असेल तर एकाही वळणावर पीळ नको. काही ठिकाणी दिला, काही ठिकाणी नाही, तर ती चूकच दिसते.

प्रश्न : नागमोडी पट्टीची दोन वळणं एकमेकांना टेकतात तिथे काय करायचं?

उत्तर : रशियातल्या वोलोग्दा लेसमध्ये अशी पट्टी थोड्याच जोड्यांवर पुढे सरकते आणि क्रोशाच्या सुईने जोडली जाते. आधीच्या वळणाच्या कडेची टाचणी उपसा, अर्ध्या मिमीच्या आसपासची सुई त्या फासातून घाला, फिरत्या जोडीतला एक दोरा वर ओढून त्याचा फास करा, दुसरं बॉबिन त्यातून काढा, दोन्ही दोरे एकदम आवळा आणि टाचणी परत लावा. सुई दोन्ही कडांमधून नाही, कडेच्या फासातूनच जायला हवी. कापडी भागातला दोरा उचकला तर तिथे ओरखडा उठतो आणि धुतल्यावरही जात नाही.