हिजाब म्हणजे पडदा?

प्रश्न : डोकं झाकण्याची आज्ञा कुराणात नेमकी कुठे आहे?

उत्तर : मीही आधी ‘हिजाब’ शब्दच शोधत बसले होते. तो सापडला ३३:५३ मध्ये (अध्याय ३३, आयत म्हणजे वचन ५३), पण तिथे अर्थ आडपडदा. पैगंबरांच्या पत्नींकडे काही मागायचं तर पडद्याआडून मागा. तुमची आयत २४:३१. तिथे शब्द ‘खुमुर’, म्हणजे ओढण्या. त्या ‘जुयूब’वर, गळ्याच्या उघड्या भागावर, ओढून घ्या. (आपली खिशाची ‘जेब’ याच शब्दातली!) केसांचा उल्लेख नाही. मात्र खिमार (‘खुमुर’चं एकवचन) डोक्यावरूनच घेत, म्हणून डोकं झाकणं गृहीतच आहे, असं बहुतेक जुने फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, मानतात. काही आधुनिक अभ्यासकांच्या मते आज्ञा छाती झाकण्याची, डोक्यावरचं कापड हा तेव्हाचा रिवाज. मला पहिली बाजू भाषेच्या दृष्टीने भक्कम वाटते. आणि हो, आदली आयत, २४:३०, पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. तिच्याबद्दल मला कुणी पत्र लिहीत नाही.